छातीवरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया : छेद लहान असूनही वेदना का होते आणि स्थानिक भूल ती कशी आवरते

छातीच्या पोकळीतील अनेक शस्त्रक्रिया आता बरगड्या फाकवून न करता काही सेंटिमीटरच्या एक ते तीन-चार छेदांमधून दुर्बीण व लांब दांड्यांची उपकरणे आत घालून केल्या जातात. कमी रक्तस्राव, रुग्णालयातील अल्प मुक्काम आणि लहान व्रण हे या पद्धतीचे लाभ आता सर्वपरिचित आहेत. मात्र ‘छेद लहान म्हणजे वेदनाही किरकोळ’ असा जो समज त्यातून रूढ झाला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अनेक रुग्णांना मध्यम ते तीव्र वेदना होतात आणि काहींच्या बाबतीत ती कित्येक महिने टिकते. या वेदनेचा उगम केवळ कातडीवरील जखमेत नसून बरगडीच्या खालच्या कडेने धावणाऱ्या मज्जातंतूतही असतो. म्हणूनच त्या मज्जातंतूजवळ स्थानिक भूल देऊन वेदनेचा संदेश वाटेतच अडवणे हा आजच्या उपचाराचा मुख्य आधार ठरला आहे.

छातीच्या वेदनेचा प्रश्न इतर अवयवांपेक्षा वेगळा आहे. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो; छातीला विश्रांती देता येत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाकाठी २१,६०० वेळा बरगड्यांचा पिंजरा हलतो. योगपरंपरेतही अहोरात्रीच्या श्वासांची हीच संख्या सांगितली जाते. प्रत्येक श्वासागणिक कळ उठत असेल तर रुग्ण नकळत उथळ श्वास घेऊ लागतो आणि खोकला दाबून धरतो. परिणामी कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो आणि न्यूमोनियाची शक्यता वाढते. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन ही केवळ सुखसोयीची बाब राहत नाही. ती श्वसनाची सुरक्षितता टिकवण्याची गरज असते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

छातीत दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना नवी नाही. स्टॉकहोममधील वैद्य हान्स ख्रिश्चन जेकोबेयस यांनी १९१० मध्ये या तंत्राविषयी लिहिले. पुढे क्षयरुग्णांच्या फुप्फुसाभोवती निर्माण झालेली चिकटलेली बंधने तोडण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला. त्या काळी रुग्ण जागा असतानाच स्थानिक भूल देऊन ही प्रक्रिया केली जाई. क्षयरोगावर प्रभावी औषधे आल्यानंतर हे तंत्र मागे पडले. १९९० च्या दशकाच्या आरंभी लहान आकाराचा व्हिडिओ कॅमेरा उपलब्ध झाला आणि त्याचे पुनरुज्जीवन झाले. इटलीतील मिलान येथे जानकार्लो रोव्हियारो यांनी १९९१ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने फुप्फुसाचा एक संपूर्ण खंड काढला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत आज जगभर ‘व्हॅट्स’ म्हणून ओळखली जाते.

फुप्फुसाचा कर्करोग, छातीत हवा साठणे, फुप्फुसावरील हवेचे फुगे, थायमस ग्रंथीचे विकार, छातीच्या मध्यभागातील गाठी आणि निदानासाठी तुकडा काढणे अशा अनेक कारणांसाठी ही शस्त्रक्रिया केली जाते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात असल्याने येथे आणखी एक कारण महत्त्वाचे ठरते. क्षय किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुसावरणात पू साचतो, त्याचे जाड कवच तयार होते आणि त्यात अडकलेले फुप्फुस फुलू शकत नाही. ते कवच सोलून काढण्याचे काम योग्य टप्प्यावर दुर्बिणीने करता येते.

उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वेदना कमी होते, हे चाचण्यांनी दाखवून दिले आहे. डेन्मार्कमध्ये फुप्फुसाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगाच्या सुमारे २०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांत दखलपात्र वेदना असणाऱ्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ६३ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के होते. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘व्हायोलेट’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांतूनही कमी वेदना आणि लवकर सुधारणा दिसून आली. तथापि ३८ टक्के हा आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. लहान छेदांच्या शस्त्रक्रियेनंतरही दर दहांपैकी जवळपास चार रुग्णांना पहिल्याच दिवशी दखल घ्यावी अशी वेदना झाली होती.

वेदना नेमकी कोठून येते

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. तिच्यातून नीला, रोहिणी आणि मज्जातंतू एकत्र धावतात. पाठीच्या कण्यातून निघालेला हा मज्जातंतू बरगडीच्या कडेने पाठीकडून पुढे छातीपर्यंत येतो. त्या पट्ट्यातील कातडी, बरगड्यांमधील स्नायू आणि छातीच्या भिंतीला आतून चिकटलेले बाह्य फुप्फुसावरण यांच्या संवेदना तो वाहून नेतो. खुद्द फुप्फुसाला आणि त्याला लगटून असलेल्या आतील आवरणाला अशी तीक्ष्ण वेदना जाणवत नाही. बाह्य आवरण मात्र अतिशय संवेदनशील असते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया बरगड्यांमधील अरुंद फटीतून होते. छेद लहान असला तरी त्यातून घातलेले उपकरण आत वर-खाली, तिरपे फिरवावे लागते. दर वेळी ते बरगडीच्या कडेवर टेकते आणि मधला मज्जातंतू दाबला जातो. शस्त्रक्रिया संपल्यावर हवा, रक्त व स्राव बाहेर काढण्यासाठी छातीत नळी ठेवली जाते. ही नळीही त्याच फटीतून जाते आणि श्वासाबरोबर संवेदनशील आवरणावर घासत राहते. नळी काढल्यावर अनेक रुग्णांना लगेच हलके वाटते, ते यामुळेच.

वेदनेचा आणखी एक प्रकार रुग्णांना चकित करतो. छेद बरगड्यांवर असतो आणि दुखतो मात्र त्याच बाजूचा खांदा. श्वासपटलाच्या मध्यभागाची संवेदना मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूकडून जाते आणि खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचते. त्यामुळे श्वासपटलाला झालेला उपद्रव मेंदूला खांद्यातील दुखण्यासारखा भासतो. बरगड्यांजवळ दिलेल्या भुलेचा या खांदेदुखीवर परिणाम होत नाही. ती प्रामुख्याने पॅरासिटामॉल व सूज कमी करणाऱ्या औषधांनी आवरावी लागते. खांदा दुखतो म्हणून भूल फसली, असा अर्थ काढणे योग्य नाही.

स्थानिक भूल कसे काम करते

मज्जातंतूच्या पेशीपटलात सोडियमचे कण आत सोडणारे अतिसूक्ष्म मार्ग असतात. वेदनेचा संदेश म्हणजे या मार्गांची एकामागोमाग एक उघडत जाणारी साखळी होय. स्थानिक भुलेचे औषध तंतूच्या आत शिरून हे मार्ग आतल्या बाजूने बंद करते. साखळी तुटते आणि संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. रक्तप्रवाह औषध हळूहळू वाहून नेतो तसतसे मार्ग पुन्हा मोकळे होतात आणि संवेदना परतते. वेदना वाहणारे बारीक तंतू हालचालीचा आदेश नेणाऱ्या जाड तंतूंच्या आधी बधिर होतात. त्यामुळे सौम्य तीव्रतेचे औषध वापरून स्नायूंची शक्ती बऱ्याच अंशी कायम ठेवून वेदना थांबवता येते.

या औषधांचा इतिहास कोका वनस्पतीच्या पानांपासून सुरू होतो. व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरले. कोकेनचे व्यसन आणि विषारीपणा लक्षात आल्यावर पर्यायांचा शोध सुरू झाला. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन सिद्ध केले. भारतात लिग्नोकेन किंवा झायलोकेन या नावांनी दंतवैद्याच्या खुर्चीत परिचित असलेले औषध तेच. त्यानंतर १९५७ मध्ये अधिक काळ टिकणारे ब्युपिव्हाकेन आले आणि १९९० च्या दशकात हृदयावर तुलनेने कमी दुष्परिणाम करणारे रोपिव्हाकेन वापरात आले. लिग्नोकेन लवकर गुण देते आणि लवकर ओसरते; ब्युपिव्हाकेन व रोपिव्हाकेन यांचा परिणाम अनेक तास राहतो. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच नंतरच्या दोन औषधांवर भर असतो.

औषध कोठे द्यायचे

रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल दिलेली असतेच. स्थानिक भूल तिच्या जोडीला दिली जाते, म्हणजे रुग्ण जागा होईल तेव्हा छातीचा तो पट्टा आधीच बधिर असतो. औषध मज्जातंतूच्या वाटेवर कोणत्या ठिकाणी सोडायचे, यावरून पुढील पद्धती ठरतात.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे छेदाच्या कडांमध्ये औषध टोचणे. ती सोपी व सुरक्षित आहे, परंतु कातडी आणि वरचे स्नायू एवढेच बधिर होतात; आतील आवरण व नळीची वेदना कायम राहते.

दुसरी पद्धत बरगड्यांमधील मज्जातंतूंच्या ब्लॉकची. शल्यविशारद दुर्बिणीतून आतल्या बाजूने पाहत छेदाच्या व नळीच्या पातळीवरील आणि त्यांच्या वर-खालच्या काही बरगड्यांखाली औषध सोडतो. फुप्फुसावरणाखाली औषधाचा फुगवटा पडद्यावर दिसतो, त्यामुळे जागा अचूक साधते. मात्र प्रत्येक पातळीवर स्वतंत्रपणे टोचावे लागते आणि परिणाम काही तासांपुरता असतो.

तिसरी पद्धत मणक्यालगतच्या ब्लॉकची. पाठीच्या कण्याच्या बाजूला, मज्जातंतू बाहेर पडतो तेथे पाचरीच्या आकाराची एक पोकळी असते. तिच्यात औषध सोडले की ते वर-खाली पसरून एकाच वेळी अनेक पातळ्या बधिर करते. ह्यूगो झेलहाइम यांनी १९०५ च्या सुमारास योजलेली ही पद्धत मधल्या काळात विस्मरणात गेली होती. ईसन आणि वायट यांनी १९७९ मध्ये ती पुन्हा प्रचारात आणली. अल्ट्रासाउंड यंत्रामुळे सुईचे टोक पडद्यावर पाहता येऊ लागल्याने तिची अचूकता वाढली आहे. तेथे बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येते. फुप्फुसावरण जवळच असल्याने त्याला सुई लागून छातीत हवा शिरण्याचा धोका मात्र या पद्धतीत असतो.

चौथी पद्धत तुलनेने नवी आहे. कॅनडातील मॉरिसिओ फोरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिचे वर्णन केले. पाठीचा कणा ताठ ठेवणाऱ्या स्नायूंच्या खाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सुई टेकवून तेथे औषध सोडले जाते. मोठ्या रक्तवाहिन्या व फुप्फुसावरण यांपासून ही जागा दूर असल्याने ती शिकायला सोपी आणि अधिक सुरक्षित मानली जाते. औषध किती दूर पसरेल याचा अंदाज मात्र मणक्यालगतच्या ब्लॉकइतका निश्चित नसतो. पाचवी पद्धत काखेखालच्या दातेरी स्नायूच्या थरात औषध सोडण्याची. ब्लांको यांनी ती २०१३ मध्ये मांडली. छातीच्या बाजूचा भाग तिने चांगला बधिर होतो.

दीर्घकाळ परिचित असलेली आणखी एक पद्धत म्हणजे पाठीच्या कण्यातील आवरणाबाहेर नळी ठेवून औषध देण्याची, म्हणजे एपिड्युरलची. बरगड्या फाकवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी ती दीर्घकाळ सर्वोत्तम मानली गेली. परंतु तिने छातीच्या दोन्ही बाजू बधिर होतात, रक्तदाब उतरतो, लघवी अडू शकते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास कण्यात रक्त साकळण्याचा गंभीर धोका संभवतो. लहान छेदांच्या, एकाच बाजूच्या शस्त्रक्रियेसाठी एवढी जोखीम पत्करणे आता सरसकट समर्थनीय मानले जात नाही.

शल्यविशारद व भूलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय ‘प्रॉस्पेक्ट’ गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मणक्यालगतचा ब्लॉक किंवा पाठीच्या स्नायूंखालचा ब्लॉक सुचवला आहे. दातेरी स्नायूचा ब्लॉकही पर्याय म्हणून मान्य केला आहे. पॅरासिटामॉल व सूज कमी करणारी औषधे हा त्याचा पाया, तर अफूवर्गीय औषधे गरज पडल्यासच, अशी ही रचना आहे.

पू साचलेल्या छातीचा प्रश्न मात्र स्वतंत्र विचार मागतो. जंतुसंसर्ग झालेल्या ऊतींत आम्लता वाढलेली असते आणि आम्लतेत स्थानिक भुलेचे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरू शकत नाही. त्यामुळे सुजलेल्या जागीच औषध टोचल्यास गुण कमी येतो. मणक्यालगतची पोकळी फुप्फुसावरणाला लागून असल्याने तेथे संसर्ग पोहोचण्याची भीती असते; म्हणून अशा रुग्णांत तो ब्लॉक टाळण्याकडे कल असतो. पाठीच्या स्नायूंखालची, संसर्गापासून दूरची जागा अशा वेळी उपयोगी पडू शकते. एकच पद्धत सर्व रुग्णांना लागू पडत नाही, याचे हे उदाहरण आहे.

मात्रेचा हिशेब

स्थानिक भूल सुरक्षित आहे, पण तिला मर्यादा आहे. औषध मज्जातंतूंभोवती राहते तोवर उपकारक. तेच मोठ्या प्रमाणात रक्तात मिसळले तर मेंदू व हृदय यांतील सोडियमचे मार्गही बंद होऊ लागतात. बरगड्यांमधील जागेत रक्तवाहिन्या विपुल असल्याने तेथे टोचलेले औषध शरीरातील इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा वेगाने रक्तात शोषले जाते. छातीच्या शस्त्रक्रियेत मात्रेचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो तो यासाठी.

ब्युपिव्हाकेनची सर्वसाधारण मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम मानली जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ती १२० मिलिग्रॅम होते. ०.२५ टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे मर्यादा ४८ मिलिलिटर. तेच द्रावण ०.५ टक्के असेल तर मर्यादा निम्म्यावर, २४ मिलिलिटरवर येते. भूलतज्ज्ञाने पाठीत दिलेले, शल्यविशारदाने बरगड्यांखाली सोडलेले आणि शेवटी छेदांच्या कडांत टोचलेले औषध, या सर्वांची बेरीज या एकाच मर्यादेत बसावी लागते. दोघांनी आपापला हिशेब वेगळा धरला तर प्रत्येकाची मात्रा योग्य असूनही एकूण मात्रा अतिरेकी होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही तज्ज्ञांनी औषध, तीव्रता आणि मात्रा मोठ्याने बोलून ठरवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. वयोवृद्ध, कृश आणि यकृत किंवा हृदयाचा विकार असलेल्या रुग्णांसाठी मर्यादा आणखी खाली आणली जाते.

औषध अंगावर उलटत असल्याची सुरुवातीची चिन्हे म्हणजे ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडात धातूची चव येणे, कानांत गुणगुण होणे आणि अस्वस्थता. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. संपूर्ण भुलेखालील रुग्ण ही चिन्हे सांगू शकत नाही. म्हणून हृदयाच्या आलेखावर अखंड लक्ष ठेवावे लागते. या विषबाधेवर २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देण्याचा उपचार उपलब्ध आहे. अमेरिकेतील गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९८ मध्ये मांडले आणि २००६ पासून रुग्णांमध्ये तो यशस्वी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. सुरुवातीची मात्रा दर किलोमागे १.५ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या रुग्णासाठी ९० मिलिलिटर असते. जेथे असे ब्लॉक दिले जातात तेथे हे द्रावण हाताशी असणे आवश्यक मानले जाते.

परिणाम ओसरल्यावर

एकदाच दिलेल्या ब्लॉकचा परिणाम काही तासांत संपतो आणि तो बहुधा रात्री संपतो. दिवसभर शांत असलेल्या रुग्णाला अचानक तीव्र वेदना जाणवते; नातेवाईक गोंधळतात, काहीतरी बिघडले असे त्यांना वाटते. हे टाळण्यासाठी ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल व, मूत्रपिंड आणि जठर यांची स्थिती अनुकूल असल्यास, सूज कमी करणारे औषध ठरलेल्या वेळी दिले जाते. वेदना सुरू होण्याची वाट पाहिली जात नाही. ब्लॉकच्या औषधात किंवा शिरेतून डेक्सामेथासोन देऊन परिणाम काही तास वाढवता येतो. नळीद्वारे औषध चालू ठेवणे हा दुसरा मार्ग. स्निग्ध कणांत बंद केलेले, हळूहळू मोकळे होणारे ब्युपिव्हाकेन अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले; परंतु ते महाग आहे आणि साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा त्याचा लाभ किती, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या अफूवर्गीय औषधांना यात स्थान आहे, पण ते राखीव फळीचे. ही औषधे तीव्र वेदना शमवतात; मात्र श्वास मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठता व गुंगी हे त्यांचे परिणाम छातीच्या रुग्णाला विशेष अडचणीचे ठरतात. गुंगीतला रुग्ण खोकत नाही, उठून बसत नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिनचा पुरवठा अनेक परवान्यांत अडकला होता. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून प्रक्रिया सुलभ केली, तरी लहान शहरांतील सर्व रुग्णालयांत ही औषधे सहज मिळतात असे नाही. लिग्नोकेन व ब्युपिव्हाकेन यांना हा कायदा लागू नाही आणि दोन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहेत. स्थानिक भुलेवर आधारलेले वेदनाशमन भारतीय परिस्थितीत व्यवहार्य ठरते, त्यामागे हेही एक कारण आहे. खरी उणीव औषधाची नसून अल्ट्रासाउंड यंत्र आणि ब्लॉक देण्याचे प्रशिक्षण घेतलेले मनुष्यबळ यांची असते. यंत्र नसले तरी शल्यविशारदाला दुर्बिणीतून पाहत बरगड्यांखाली औषध देता येते, ही गोष्ट अशा ठिकाणी महत्त्वाची ठरते.

महिनोन्‌महिने टिकणारी वेदना

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. छातीच्या शस्त्रक्रिया या बाबतीत अधिक जोखमीच्या गणल्या जातात. दुर्बिणीच्या पद्धतीत ही जोखीम घटते, नाहीशी होत नाही. मज्जातंतूला झालेली इजा आणि पहिल्या दिवसांतील अनावर वेदना ही तिची ज्ञात कारणे आहेत. उघड्या शस्त्रक्रियेत एपिड्युरलमुळे दीर्घकालीन वेदनेचे प्रमाण कमी होते, असे पुरावे आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील ब्लॉकबाबत तेवढा ठाम निष्कर्ष अद्याप निघालेला नाही.

अशा वेदनेची ओळख रुग्णाच्या शब्दांतून पटते. ताज्या जखमेला ‘ठणका’ असतो. मज्जातंतूची वेदना मात्र ‘आग होते’, ‘सणक जाते’, ‘मुंग्या येतात’, ‘सुया टोचतात’, ‘सदरा लागला तरी सहन होत नाही’ अशा शब्दांत व्यक्त होते. हा भेद उपचारासाठी मोलाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारच्या वेदनेवर नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यासाठी वेगळ्या वर्गातील औषधे लागतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्ली येथे उपचार घेणाऱ्या मराठी भाषक रुग्णाला डॉक्टरांशी दुसऱ्या भाषेत बोलावे लागते. त्या वेळी ‘दुखते’ एवढ्यावर न थांबता कसे दुखते, कोठून कोठे जाते आणि कशाने वाढते हे खुणेने का होईना, सांगणे हिताचे ठरते.

रुग्ण व नातेवाइकांसाठी

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञाला काही गोष्टी न विसरता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे, हृदयाच्या लयीचा विकार, यकृत व मूत्रपिंडाचे आजार, जठरव्रण आणि पूर्वी दंतवैद्याकडे किंवा अन्यत्र बधिर करण्याच्या इंजेक्शनचा झालेला त्रास, या त्यांतील प्रमुख होत. कोणता ब्लॉक दिला जाणार आहे, तो किती तास टिकेल आणि ओसरल्यावर कोणते औषध मिळेल, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रियेनंतर परिचारिका वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायला सांगतात. हा आकडा स्वस्थ पडून असतानाचा आणि खोकतानाचा, असा दोन वेळा सांगावा. पडून असताना दोन आणि खोकताना आठ, अशी स्थिती असेल तर वेदना आटोक्यात आहे असे म्हणता येत नाही. सोसणे हा सद्गुण मानण्याच्या संस्कारामुळे अनेक ज्येष्ठ रुग्ण आकडा मुद्दाम कमी सांगतात. त्याची किंमत पुढे फुप्फुसाला मोजावी लागते. वेदना आवाक्यात आली की तीन चेंडूंच्या यंत्राने दीर्घ श्वासाचा सराव करणे, छातीवर उशी दाबून खोकणे, उठून बसणे आणि शक्य तितक्या लवकर चालणे, हे उपचाराचेच भाग आहेत. बधिर झालेल्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये; चटका बसला तरी कळत नाही.

घरी परतल्यावर ताप, वाढता दम, जखमेतून पू किंवा कमी होत आलेली वेदना एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वेदना तीन महिन्यांनंतरही टिकून असल्यास ती मनाचा खेळ किंवा सहनशक्तीची उणीव समजू नये. तो उपचार करण्याजोगा विकार आहे आणि मोठ्या रुग्णालयांतील वेदनाशमन विभागात त्यावर उपचार होतात. औषधाची निवड, मात्रा व पद्धत प्रत्येक रुग्णासाठी वेगळी असल्याने अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.